केसांशी झटापट, मग बोटांचा हिशेब

मेंदूतल्या रक्ताचा चढउतार मोजणारी ही प्रकाशाची टोपी (fNIRS) सहा महिने प्रयोगांत वापरतेय, म्हणून लिहिते. ७६० आणि ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश कवटीतून आत जातो, विखुरतो आणि ३ सेंटीमीटरवरच्या डिटेक्टरपर्यंत त्यातला अगदी थोडा परत येतो. त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार कळतो. टोचाटोची नाही, एमआरआयच्या बोगद्यात निपचित पडणं नाही. माणूस खुर्चीत बसून चक्क सुईत दोरा ओवतो!

उजव्या हाताने मणी ओवताना मेंदूच्या डाव्या बाजूचे चॅनल (प्रकाश सोडणारा आणि टिपणारा यांची एकेक जोडी) वर गेले, कारण उजवा हात डावा मेंदू चालवतो, तेव्हा मी उभीच राहिले. पण घाई नको. रक्ताचा प्रतिसाद हालचालीच्या पाच-सहा सेकंद मागे असतो. एकेक बोट वेगळं ओळखायची आशा धरून घेणार असाल, तर राहू द्या.

खरी डोकेदुखी केसांची. दाट काळे केस प्रकाश गिळतात. कापसाच्या काडीने ते बाजूला सारता सारता चाळीस मिनिटं जातात, आणि तासाभराने टोपी कपाळात रुतते ती वेगळीच. शिवाय फक्त त्वचेतलं रक्त टिपणारे, ८ मिलिमीटर अंतराचे जवळचे चॅनल निराळे विकत घ्यावे लागले. ते नसले की त्वचेतलं रक्तच मेंदू म्हणून मिरवतं. विक्रेत्याने हे आधी सांगितलं नाही, म्हणून रेटिंगमधला एक तारा कापला.