रोख जामीन की जामीनदार? आदेश हातात आल्यावरची निवड

जामिनाच्या आदेशात ‘25,000 रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायचे बंधपत्र) आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ असे आले की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: पैसेच भरले तर नाही का चालणार? चालते, पण हक्क म्हणून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 490 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले 445) न्यायालय बंधपत्राऐवजी रक्कम भरायची परवानगी देऊ शकते. आदेशात रोखीचा उल्लेख नसेल तर त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो सहसा त्याच दिवशी निकाली निघतो.

वेगाच्या बाबतीत रोखीला तोड नाही. अर्जावर ‘मंजूर’ पडले की नाझरकडे (न्यायालयाची रोख सांभाळणारा कर्मचारी) रक्कम भरायची, पावतीची प्रत प्रकरणात लावायची, आरोपीचा जातमुचलका द्यायचा, आणि सुटकेचा आदेश कारागृहाकडे रवाना. नाझराची रोख घेण्याची वेळ न्यायालयाच्या वेळेआधी संपते, एवढे लक्षात ठेवा. आदेश दुपारी उशिरा झाला तर मुक्काम एका रात्रीने वाढतो, आणि तो दिवस शनिवार-रविवारला लागून असेल तर विचारायलाच नको.

जामीनदाराचे काम कागदांवर अडते. शेतकरी असेल तर ताजा सातबारा आणि आठ-अ, फ्लॅटवाला असेल तर सूची दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर अलीकडच्या पगारपत्रकांबरोबर कार्यालयाचा दाखला. सोबत आधार, शिधापत्रिका, फोटो. काही न्यायालये तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात, काही पोलीस ठाण्याकडून पत्ता पडताळून घेतात. नेहमीच्या हरकती दोन-तीनच आहेत. सातबारा सामाईक असतो आणि जामीनदाराचा हिस्सा किती ते कळत नाही; इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो; आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही. म्हणून शेजारच्या श्रीमंत काकांपेक्षा कायम नोकरीतला मेहुणा बरा पडतो. पगारपत्रकावर वाद घालायला फारशी जागा नसते.

जामीनदाराला नेमके कशात अडकवतो आहोत हे मात्र आधी सांगावे. कलम 486 खाली त्याने आणखी किती आरोपींसाठी जामीन दिला आहे ते तपशिलासह जाहीर करावे लागते. आरोपी तारखेला आला नाही आणि बंधपत्र जप्त झाले तर कलम 491 ची नोटीस येते: रक्कम भरा, नाहीतर का भरू नये ते सांगा. रक्कम दंडासारखी वसूल होते, आणि तशी वसूल झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कारणे नोंदवून काही रक्कम माफ करण्याची मुभा न्यायालयाला आहे. उलट, भांडण झाले तर जामीनदार केव्हाही मुक्त व्हायचा अर्ज करू शकतो. मग आरोपीविरुद्ध वॉरंट निघते आणि हजर झाल्यावर नवा जामीनदार द्यावा लागतो. न्यायालयाबाहेर मिळणाऱ्या भाड्याच्या जामीनदाराकडे मात्र फिरकूही नये. त्याचे कागद खोटे निघाले तर फसवणुकीचा नवा गुन्हा आणि जामीन रद्द, दोन्ही एकदम.

इतके वाचून रोख सोपी वाटेल. पण माझे मत फिरले ते रोखीच्या परताव्यामुळे. रक्कम भरताना प्रकरण बहुधा रिमांडच्या टप्प्यावर असते, म्हणून पावतीवर फक्त पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक येतो. दोषारोपपत्र आले की त्याला आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) क्रमांक मिळतो. गुन्हा सत्र न्यायालयाचा असेल तर प्रकरण तिकडे वर्ग होते आणि क्रमांक पुन्हा बदलतो. पैसे मात्र खालच्या न्यायालयाच्या नाझराकडेच. काही वर्षांनी निकाल लागतो तेव्हा मूळ पावती, निकालाची प्रत, बँकेचा तपशील आणि अर्ज घेऊन ही साखळी उलटी शोधावी लागते. पावती ज्याच्या नावे, पैसे त्याच्याच खात्यात. भावाने भरले आणि मध्यंतरी भाऊ वारला, तर वारसांचे कागद आले. पावती हरवली तर प्रतिज्ञापत्र. निर्दोष सुटलो म्हणजे लगेच पैसे, असेही नाही. कलम 481 प्रमाणे वरच्या न्यायालयात हजर राहण्याचे बंधपत्र सहा महिने चालू राहते, आणि रक्कम त्याच कारणाने अडकून राहू शकते. व्याजाची अपेक्षा ठेवू नये. पंधरा हजारांसाठी इतक्या फेऱ्या मारण्यापेक्षा पुष्कळ लोक मागणीच सोडून देतात.

म्हणून खटला लांबणार असेल आणि घरात एक पगारदार माणूस असेल, तर मी जामीनदाराकडे झुकेन. घाई असेल तर मधली वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पुष्कळ आदेशांत काही आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन आणि त्या मुदतीत जामीनदार, अशी सोय असते. खालच्या न्यायालयातही तशी विनंती करता येते. आज माणूस बाहेर, कागद सावकाश. फक्त जामीनदार स्वीकारला गेला की त्याच दिवशी रोख परत मिळण्याचा अर्ज द्यावा. हा अर्ज राहून जातो आणि मग दोन्ही अडकतात: जामीनदारही, पैसेही.

रोखच बरी, अशा जागाही आहेत. धनादेशाचे किंवा किरकोळ प्रकरण, जे लवकर मिटणार. किंवा परराज्यातला कामगार, ज्याला इथे कोणी ओळखतच नाही. स्थानिकच जामीनदार हवा हा आग्रह चुकीचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या मोतीराम प्रकरणात सांगितले. तिथे एका गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार म्हणून नाकारला होता. न्यायालयाने त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाच्याच 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराची अट टाळावी असे आहे; शिवाय जामीन मिळून महिन्यात बंधपत्र दिले गेले नाही तर अटी सैल करता येतील का हे न्यायालयाने स्वतःहून पाहावे, असेही. रक्कमच झेपत नसेल तर कलम 484 खाली सत्र किंवा उच्च न्यायालयाकडून ती कमी करून घेता येते. एकाच माणसावर अनेक गुन्हे असतील तर प्रत्येकासाठी नवे जामीनदार शोधण्याआधी गिरीश गांधी प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा 2024 चा निकाल वकिलांना दाखवावा. तिथे तेच जामीनदार सगळ्या प्रकरणांत चालवून घेतले गेले.

जामीनदार दिलाच, तर निकालानंतर त्याच्या मुक्ततेचाही अर्ज करा. काही ठिकाणी शिधापत्रिकेवर प्रकरण क्रमांकाची नोंद मारलेली असते, मूळ कागद ठेवून घेतलेले असतात. ते सोडवून आणले नाहीत तर पुढच्या वेळी त्याच माणसाला दुसऱ्या कोणासाठी उभे राहता येत नाही.