ब्लॉगरवर मराठी टेक ब्लॉग: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सरळच सांगतो, मराठीत पहिल्यांदा ब्लॉग सुरू करायचाय आणि खिशातून एक रुपयाही घालायचा नाहीये, तर आजही ब्लॉगरच (गूगलची फुकट ब्लॉग लिहायची सेवा) घ्या. लोक म्हणतात ते जुनाट आहे, १९९९ सालचं आहे, गूगलने २००३ मधे घेतलं त्यानंतर किती पाणी वाहून गेलं वगैरे. जुनं आहे हे खरंय. पण मला तेच पथ्यावर पडलं, कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच. होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) पैसे भरा नाही, प्लगिन (वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अपडेट करा नाही, साइट उडाली म्हणून रात्री कोणाला फोन लावा नाही. जीमेलचं खातं आहे ना, बास झालं.

माझ्या मित्राने होस्टिंग विकत घेऊन वर्डप्रेस (ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं होतं. कंपनीने पहिल्या वर्षी अगदी स्वस्तात दिलं आणि रिन्यूअलचं बिल असं आलं की त्याने ब्लॉगच गुंडाळला, चांगलं लिहायचा हो. वर्डप्रेसला मी नावं ठेवत नाही, सॉफ्टवेअर फुकटच आहे, पण सॉफ्टवेअर फुकट असणं आणि ते ठेवायला जागा फुकट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नवीन माणसाला कोणी सांगतच नाही. वर्डप्रेस डॉट कॉमवर फुकट जागा मिळते, पण फुकट प्लॅनमधे तुमच्या लेखावर जाहिराती त्यांच्या झळकतात.

आता मराठीत लिहिणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, लेखाची लिंक. तुम्ही शीर्षक पूर्ण देवनागरीत दिलं की ब्लॉगर त्याची लिंक बनवताना त्यातलं काहीच घेत नाही, नुसतं ब्लॉग-पोस्ट असं लिहून पुढे एखादा आकडा चिकटवतो. मग दहा लेख झाले की दहाही लिंका सारख्याच दिसतात, व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवली तर उघडेपर्यंत कळत नाही कशाबद्दल आहे. यावर उपाय अगदी सोपा आहे. लेख लिहितो त्या पानावर उजव्या बाजूला पर्मालिंक (लेखाची कायमची लिंक) असं असतं, ते उघडायचं, कस्टम निवडायचं आणि विंडोज, १०, सपोर्ट असे दोनतीन शब्द इंग्रजी अक्षरांत मधे आडव्या रेघा देऊन लिहायचे. पण हे पब्लिश करायच्या आधी करायचं, नंतर बदलायचं तर लेख परत ड्राफ्टमधे न्यावा लागतो आणि आधी वाटलेली लिंक मरते. वर्डप्रेसमधे उलटं होतं, तिथे लिंक देवनागरीतच बनते पण कॉपी करून चिकटवली की टक्केवारीच्या चिन्हांची दोन-तीन ओळींची माळ होते, बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आहे. म्हणजे दोन्हीकडे हाताने लिहिणं आलंच.

दुसरं, फॉन्ट. तयार थीम (ब्लॉगच्या रूपाचे साचे) इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात, त्यात मराठी टाकलं की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. मी गूगल फॉन्टवरून मुक्ता घेतला (मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, फुकट आहे आणि फार देखणा आहे), थीमच्या सीएसएसमधे (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधे) टाकला आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.८ पट केलं. एवढ्याने वाचायला किती फरक पडतो हे एकदा करून बघाच, वयस्कर वाचकांचे तर खास मेसेज आले.

टायपिंगचं म्हणाल तर फोनवर बोलून कच्चा मजकूर काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून साफ करायचा हे मला जमलं. बोलून लिहिलेलं जसंच्या तसं टाकू नका, ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं हाताने बघावीच लागतात. कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी) शिका, थोडे दिवस बोटं अडखळतात पण मग दुसऱ्या, वाऱ्यावर हे शब्द झटकन येतात, शिफ्ट धरून इंग्रजी J दाबलं की ऱ, मग D दाबलं की पाय मोडतो, पुढे य. आणि कृपा करून जुन्या डीटीपीच्या (छपाईच्या) फॉन्टमधलं मॅटर युनिकोड (सगळीकडे वाचता येणारी अक्षरं) न करता चिकटवू नका, ते कोणाला दिसतही नाही आणि सर्चमधे सापडतही नाही.

लिहायचं काय, हा मात्र खरा प्रश्न आहे. नवा फोन आला, इतक्या मेगापिक्सेलचा कॅमेरा, हे मी सुरुवातीला लिहायचो आणि ते आठवड्यात शिळं व्हायचं. टिकलं ते दुसरंच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं की आमचा कॉम्प्युटर आता बंद पडणार का हो. बंद पडत नाही, सिक्युरिटी अपडेट थांबतात. त्यांचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय५, विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण लागतं, म्हणजे तिकडे जायचा रस्ता बंद. पण घरगुती वापराच्या मशीनला एक वर्ष जादा अपडेट मिळतात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. केंद्राचा कॉम्प्युटर धंद्याचा, त्याला ही सवलत नाही, तिथे लोकांचे आधार आणि दाखले असतात म्हणून नवीन मशीनच घ्या असं सांगितलं. हे सगळं मी साध्या मराठीत लिहिलं आणि तो लेख अजून रोज कोणीतरी उघडतं.

तसंच जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले आणि ग्रुपवर मोबाईल स्वस्त, मोबाईल स्वस्त असे फॉरवर्ड सुरू झाले. मोबाईलवर आधीही १८ टक्के होता, नंतरही १८ च राहिला. २८ वरून १८ वर आले ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही. एवढंच चार ओळीत लिहिलं होतं, पण दिवाळीच्या खरेदीआधी ज्याने वाचलं त्याचा दुकानदाराशी वाद तरी वाचला असेल. अशी माहिती इंग्रजीत ढिगाने आहे, मराठीत शोधायला गेलं की भडक हेडिंग आणि आत काहीच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आपल्या माणसाला आपल्या भाषेत नीट सांगणारं कोणीतरी पाहिजेच.

पैशाबद्दल विचारतात म्हणून सांगतो, ॲडसेन्स (ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) मराठीला चालतं, पण त्यावर घर चालेल असं समजून सुरू करू नका.

बॅकअपचं एक लक्षात ठेवा. ब्लॉगरच्या सेटिंगमधून जी फाइल उतरते त्यात लेख आणि कमेंट येतात, फोटोंच्या नुसत्या लिंका असतात, मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमधे जपा. थीमचा बॅकअपही वेगळा घ्यावा लागतो, फॉन्टचे बदल त्यातच असतात.

मी आता स्वतःचं डोमेन (ब्लॉगचा स्वतःच्या नावाचा पत्ता) जोडतोय. डोमेनचे वर्षाचे पैसे तेवढे जातात, जागा फुकटच राहते, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) पण फुकट मिळतं आणि जुन्या ब्लॉगस्पॉटच्या (ब्लॉगरने दिलेल्या फुकट पत्त्याच्या) लिंका आपोआप नव्या पत्त्यावर जातात. डोमेनवाल्याच्या पॅनेलमधे दोन सीनेम नोंदी (डोमेन ब्लॉगरकडे वळवणाऱ्या ओळी) भरायच्या असतात, त्या ब्लॉगर स्वतःच दाखवतो, तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका.