तिकिटाचे पैसे कापले, आणि मग 'ओळख पडताळणी'चा फोन आला

आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा दिवाळीच्या तोंडावर सुरत-भुसावळ मार्गाचं तत्काळ तिकीट काढताना हे हमखास घडतं. नंदुरबारहून काढा नाहीतर अमळनेरहून, खात्यातून पैसे जातात, पडद्यावर 'व्यवहार अयशस्वी' येतं आणि पीएनआर काही मिळत नाही. इथवर कुणी फसवलेलं नसतं. फसवणूक सुरू होते ती त्यानंतरच्या दहा मिनिटांत. घाबरलेला माणूस इंटरनेटवर 'तिकीट रिफंड नंबर' शोधतो आणि सगळ्यात वर दिसणाऱ्या दहा आकडी मोबाइल नंबरवर फोन लावतो. काही जण रेल्वेला उद्देशून सोशल मीडियावर तक्रार टाकतात आणि खाली स्वतःचा नंबरही लिहून ठेवतात. त्यांना तर फोन करायचीही गरज पडत नाही, समोरूनच येतो.

'तुमची ओळख पडताळणी झालेली नाही, म्हणून रिफंड अडकलाय.' हे वाक्य पटतं, कारण खरी पडताळणी आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. १ जुलै २०२५ पासून रेल्वेची ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या आयआरसीटीसीच्या साइटवर आणि अॅपवर तत्काळ तिकीट फक्त आधार-पडताळणी केलेल्या खात्यावरूनच निघतं. १५ जुलैपासून त्याला आधारचा ओटीपीही लागतो. १ ऑक्टोबर २०२५ ला साध्या आरक्षणाची खिडकी उघडल्यावर पहिली १५ मिनिटंही अशाच खात्यांसाठी राखीव झाली आणि पुढे ही वेळ आणखी वाढवली गेली. पण ही सगळी तपासणी तिकीट काढतानाच, आपण उघडलेल्या अॅपच्या आत होते. तिच्यासाठी कुणी फोन करत नाही, लिंक पाठवत नाही. आणि कापलेले पैसे परत मिळवायला ती करावीच लागत नाही.

फोनवरचा माणूस मोठा सभ्य असतो. 'दादा, कार्डाचा पूर्ण नंबर कुणालाच सांगू नका,' असं तोच आधी बजावतो. मग म्हणतो, 'फक्त शेवटचे सहा अंक आणि कार्डाची मुदत सांगा.' ऐकणाऱ्याला वाटतं, सहा अंकांनी काय बिघडणार? बिघडतं ते इथेच. नवा यूपीआय पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदतीचा महिना-वर्ष आणि एक ओटीपी एवढंच लागतं. आधारच्या मार्गाने जायचं तर आधारचे पहिले सहा अंक आणि ओटीपी लागतात. म्हणजे 'अर्धीच' माहिती मागणारा नेमकी हवी तेवढीच मागत असतो.

त्याची दुसरी मागणी याहून चलाख असते. तो व्हॉट्सअॅपवर अक्षरं आणि आकड्यांची एक अगम्य ओळ पाठवतो आणि सांगतो, 'हा कोड तुमच्या मोबाइलवरून या नंबरवर एसएमएस करा, म्हणजे ओळख पटेल.' कुठलंही यूपीआय अॅप पहिल्यांदा सुरू होताना आपल्या सिममधून असाच एक एसएमएस पाठवतं. फोन आणि सिम एकाच माणसाकडे आहेत, याची खात्री त्यावरून होते. ठगाने त्याच्या फोनवर अॅप उघडलेलं असतं आणि तो एसएमएस तुमच्या सिममधून जातो. आता तुमचा नंबर त्याच्या फोनला जोडला गेला. वर सहा अंक, मुदत आणि 'पडताळणीचा' म्हणून विचारून घेतलेला ओटीपी मिळाला, की खातं त्याचं. बहुतेक बँका नव्या फोनवर पहिले २४ तास रकमेला कमी मर्यादा ठेवतात. म्हणून काही वेळा पहिल्या दिवशी थोडेच पैसे जातात आणि माणूस 'चला, वाचलो' म्हणून गप्प बसतो. मोठा घाव दुसऱ्या दिवशी बसतो.

तिसरा मार्ग एपीके फाइलचा, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायच्या अॅपचा. २०२३ मध्ये 'आयआरसीटीसीकनेक्ट.एपीके' नावाच्या खोट्या अॅपबद्दल आयआरसीटीसीनेच इशारा दिला होता. आरटीओ चलान आणि पीएम किसानच्या नावानेही असल्या फाइली व्हॉट्सअॅपवर फिरतात. असं अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, एक रुपया भरायला लावतं आणि त्या निमित्ताने कार्डाचे सगळे तपशील भरून घेतं. त्यानंतरचे ओटीपी तुम्हाला विचारावेही लागत नाहीत.

अडकलेल्या पैशाचं खरं काय होतं, तेही पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने किंवा कार्डाने दुकानदाराला केलेला व्यवहार फसला, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. तक्रारीसाठी आयआरसीटीसीचा क्रमांक १४६४६. खरं म्हणजे तिथेही घाईने फोन करायची गरज नसते.

माहिती देऊन बसला असाल तर क्रम महत्त्वाचा. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज त्या अॅपच्या हाती लागणार नाहीत. त्या सिमवरून ##००२# लावलं की कुणी चालू केलेलं कॉल फॉरवर्डिंग बंद होतं. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. १२ आकडी यूटीआर क्रमांक (बँकेच्या मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव समोर ठेवा. यूटीआर नसेल तर नोंद रखडते, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात सरकतात. त्यानंतर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरून बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय दोन्ही बंद करा. नुसतं कार्ड बंद केल्याने आधीच जोडलेलं यूपीआय थांबत नाही. ही चूक फार होते. आधार क्रमांक दिला असेल तर आधारच्या अधिकृत अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा, कारण आधारवरून पैसे काढताना अंगठा पुरतो, ओटीपी लागत नाही.

फोन पुसून कोरा करायचा तो मात्र सगळ्यात शेवटी. आधी चॅट, एपीकेचं नाव आणि आलेला नंबर यांचे फोटो दुसऱ्या मोबाइलने काढून ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही जिल्ह्यात तक्रार द्यायला गेलात तरी हेच मागतात.

बँक भरपाई देईल का? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला केलेल्या नियमानुसार ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि किती वाजता कळवलं तेही लिहून ठेवा.