गुलमोहर ठेवायचा की पाडायचा? आधी बुरशी ओळखा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याच्या फाटकाशी गुलमोहर आहे. म्हणजे होता. गेल्या पावसाळ्यात त्याच्या बुंध्याशी तपकिरी खापऱ्यांसारखी बुरशी फुटली. शेजारचे काका म्हणाले, "आजच पाडा." माळी म्हणाला, "विळ्यानं खरवडतो, काही होत नाही." बुरशी कोणती, हे मात्र दोघांनीही वाकून पाहिलं नव्हतं. खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या बुरशीत गॅनोडर्मा आणि फेलिनस यांची फार गल्लत होते.

गॅनोडर्मा वरून लाखेचं पॉलिश मारल्यासारखी तांबूस, वाढत असताना कडेला पांढरट-पिवळी किनार. खालची बाजू पांढरट, तिच्यावर नखानं ओढलेली रेघ लगेच तपकिरी होते. शिवाय आजूबाजूला कोकोच्या भुकटीसारखी पूड पडते. आत्या ती रस्त्याची धूळ समजून ओल्या फडक्यानं पुसायची आणि दोन दिवसांत फाटक पुन्हा तपकिरी. ते बीजाणू होते. जागा बघाल तर बहुधा बुंधा, नाहीतर जमिनीलगतची मुळं.

फेलिनसला ही चकाकी नसते. काळपट, भेगाळलेली, दगडासारखी कडक. सुरीचं टोक घसरतं. फोडलीच तर आत गंजाचा रंग आणि वर्षावर्षाचे थर. विश्वामित्री नदीकाठच्या जुन्या बाभळींवर बघा, ती बहुतेक कमरेच्या वर, खोडावर असते. कोकणात फणसाच्या खोडावर मिळणारा फणसांबा याच कुळीतला.

एक अडचण आहे. गॅनोडर्माच्या काही जाती वरून मळकट असतात, चकाकत नाहीत. तिथे कोको-पूड आणि नखाची रेघ यांवरच भिस्त ठेवा. नेमकी जात ठरवायला मात्र सूक्ष्मदर्शक आणि डीएनए लागतो. पुस्तकातल्या 'गॅनोडर्मा लुसिडम' या नावातला 'लुसिडम' हा भाग मुळात 1781 साली इंग्लंडमधल्या बुरशीच्या नावात आलेला; चिनी औषधातली, त्याच नावानं खपणारी बुरशी वेगळी निघाली आणि 2012 मध्ये तिला 'लिंगझी' हे स्वतंत्र नाव मिळालं. तेव्हा झाडावरची काढून काढा करू नका. झाडाचा निर्णय घ्यायला 'गॅनोडर्मा' एवढं कळलं तरी पुरे.

सरपणावर दिसणारे केसाळ, करड्या पंख्यांचे छोटे झुबके म्हणजे शिझोफिलम. ते बहुतेक मेलेल्या लाकडावरच जगतात, त्यांच्यासाठी झोप उडवू नका.

आता निर्णय. फेलिनस वर खोडावर असेल तर गाभा पोकळ होत असतो, मुळांची पकड सहसा शाबूत राहते. मी फांद्या हलक्या करून झाडावर नजर ठेवेन. गॅनोडर्मा बुंध्याशी असेल आणि खाली माणसं वावरत असतील तर मी झाड ठेवणार नाही. वरचा पाला हिरवागार दिसतो, तोवर खाली मुळं कुजलेली असतात. खरवडून काही साधत नाही, दिसते ती फक्त फळं. बुरशीचे धागे लाकडात आत पसरलेले असतात. कुऱ्हाड लावण्याआधी महापालिकेत परवानगीचं विचारा.

आत्याकडे गॅनोडर्माच होती. काका बरोबर ठरले, पण अंदाजानंच. दिवाळीच्या आधी झाड उतरवलं. बुंधा वरून ठणठणीत दिसत होता. आतलं लाकूड पांढरं, ओल्या ब्रेडसारखं, आत्यानं बोटानं उकरलं तर हातात आलं.