डायव्हर्टर व्हॉल्व्ह बदलला, टर्बो वाचला. पण तो तिसरा बोल्ट!

गाडी जर्मन बनावटीची टर्बो पेट्रोल सेडान, सेकंडहँड घेतलेली, वॉरंटी कधीच संपलेली. मॉडेल सांगत नाही. ज्यांच्याकडे आहे ते लक्षणांवरून ओळखतीलच. रत्नागिरीहून परत येताना, साखरप्यानंतर आंबा घाट चढायला लागलो तर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही गाडी ढिम्म. सपाटीला तक्रार नाही, आयडलिंग गुळगुळीत, अ‍ॅव्हरेजही फारसं पडलेलं नाही. जोर लावायची वेळ आली की मात्र दम गायब. मलकापूर यायच्या आत पिवळा दिवा लागला.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. कोड पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो तो दाब) पाहिजे त्यापेक्षा कमी. मग लॅपटॉपवरून डायव्हर्टर व्हॉल्व्हला करंट दिला, तो टकटक वाजला, आणि अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "व्हॉल्व्ह ओके आहे सर, टर्बोच गेलाय." कोटेशन दीड लाखाच्या वर, मजुरी वेगळी. शिवाय हे दिव्य निदान केल्याचे पैसे लगेच भरायचे. भरले, पावती घेतली, गाडी काढली. दीड लाखात आमच्या घराला रंग लागतो, तोही बाहेरून.

सगळी गोम त्या टकटकीत आहे. पाय अचानक काढला की थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद होतो, पण टर्बो फिरतच असतो आणि दाबलेल्या हवेला जायला जागा नसते. ती उलटी कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळू नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि तिला पुन्हा टर्बोच्या तोंडाशी सोडतो. त्यात एक कॉइल असते आणि एक रबरी पडदा. लॅपटॉपवरून वाजते ती कॉइल. पडदा फाटून लक्तरं झालेली असली तरी ती वाजणारच!

त्यात पडदा फाटल्यावर हवा बाहेर कुठेच जात नाही, आतल्या आत मागे फिरते. त्यामुळे पाइपांवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे दिसत नाहीत. एमएएफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणाऱ्या) मोजलेली हवा आतच राहते, म्हणून पेट्रोलचं गणितही बिघडत नाही. टर्बो बिचारा तीच हवा पुन्हा पुन्हा दाबत बसतो. आधीच लाखाच्या वर आरपीएमने फिरणारी वस्तू, तिला विनाकारण आणखी पळवायचं. असंच महिनोनमहिने चालवलं तर टर्बो खरोखर जातो आणि मग अ‍ॅडव्हायझर बरोबर ठरतो.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी कोटेशन वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "आधी तीन बोल्ट काढून बघूया की. टर्बो कुठं पळून चाललाय?" व्हॉल्व्ह निघाला. पडदा उजेडात धरला तर कडेला चंद्रकोरीच्या आकाराची बारीक चीर. बोटानं दाबली की उघडायची, सोडली की मिटायची. सावकाश चालवताना काही जाणवत नव्हतं ते यामुळेच.

रबरी पडद्याचा ओरिजिनल घ्यावा की धातूच्या पिस्टनचा, बाहेरच्या कंपनीचा? मी पिस्टनवाला घेतला, हजारभर रुपये जास्त देऊन. फाटायला रबरच नको, हा विचार. बसवल्यावर गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली. बूस्ट टिकतो, दिवा परत लागला नाही, त्याच घाटात चौथ्या गिअरमध्ये ट्रक मागे टाकले. या भागाबद्दल तक्रार शून्य.

तक्रार आहे ती तिसऱ्या बोल्टबद्दल. हा व्हॉल्व्ह टर्बोच्या पोटाला खालून बसतो. दोन बोल्ट दिसतात, निघतात. तिसरा दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो. तिथे साधी एलन की उभी मावत नाही आणि आडवी फिरत नाही. मिस्त्रींनी शेजारच्या लेथवर एक एलन की आखूड कापून आणली, तेव्हा कुठे तो हलला. बरं, कसताना जोर दाखवायचीही सोय नाही. टर्बोचं हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, आटे गेले की झालं. कोट्यवधी युरो खर्चून इंजिन बनवणाऱ्यांना नेहमी खराब होणारा भाग इथेच बसवावासा वाटला? बोल्टचं तोंड थोडं वळवलं असतं तर काय बिघडलं असतं? सहा महिन्यांनीही मला याचं उत्तर सुचलेलं नाही.

हिवाळ्यात मत थोडं बदललं. सकाळी थंड गाडी काढली की पाय सोडताना हलकी फडफड ऐकू यायची, इंजिन गरम झालं की थांबायची. उघडून बघितलं तर पिस्टनवर तेलाचा चिकट थर. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागाची) तेलकट वाफ इनटेकमधून फिरते आणि तिथे जाऊन बसते. पुसून हलकं ग्रीस लावलं, फडफड बंद. म्हणजे हा व्हॉल्व्ह फाटत नाही, पण अधूनमधून साफ करायला उघडावा लागतो. आणि उघडायचं म्हणजे पुन्हा तोच तिसरा बोल्ट! तेव्हा ज्यांना गाडीखाली झोपायची हौस नाही त्यांनी सरळ ओरिजिनल पडदेवाला घ्यावा, फाटला की बदलावा. आपली आखूड एलन की असेल तर पिस्टनवाला उत्तम.

भाच्याचा हट्ट वेगळाच. "मामा, हवा बाहेर सोडणारी प्लेट लाव की, सिनेमातल्यासारखा छूऽऽस आवाज येतोय!" एमएएफ असलेल्या गाडीत हे करू नये. मोजलेली हवा बाहेर टाकली तरी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल तेवढंच सोडतो, मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, काळा धूर येतो, सिग्नलला थांबताना गाडी आचके देते. त्याला म्हटलं, आवाज तू तोंडानं काढ, फुकट आहे.

फाटका पडदा पिशवीत घालून सर्व्हिस सेंटरला नेला आणि निदानाचे पैसे परत मागितले. मॅनेजरने पडदा उलटासुलटा बघितला, "बाहेर काम केल्यामुळे आम्ही जबाबदार नाही" म्हणाला, आणि पुढच्या सर्व्हिसला व्हील अलाइनमेंट फुकट देऊ केलं. सर्व्हिस मात्र पूर्ण पैशांची करायची. पावती जपून ठेवली आहे, लेखी तक्रार गेली आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो.