अंदमानचं तिकीट खरं होतं, पण रद्द केलेलं

अंदमानला निघालेल्या माणसाला भीती असते ती बनावट तिकिटाची. आमच्याकडचं एकही तिकीट बनावट नव्हतं. फेरीची तिकिटं बोटीच्या कंपनीकडूनच काढलेली होती, हॉटेलांची बुकिंग खरोखर झालेली होती, सगळ्यांवर आमची नावं आणि वयं बिनचूक होती. फक्त ती पीडीएफ आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडल्यावर सहल आखून देणाऱ्या आमच्या एजंटनं एकेक बुकिंग रद्द केलं आणि परतावा स्वतःच्या खात्यात घेतला. आमच्या हातात उरले ते कागद. दिवाळीच्या सुट्टीची बुकिंग करणाऱ्यांनी ही पद्धत नीट समजून घ्यावी म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही सांगलीचे. मी, नवरा, सासूबाई, दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी. सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचं होतं, पुतणीला स्कूबा करायचं होतं आणि आम्हा बाकीच्यांना नुसतं वाळूत पडून राहायचं होतं. एजंट फेसबुकवर सापडला. मराठी, पुण्यात ऑफिस असल्याचं सांगणारा, बोलायला अतिशय गोड. "ताई, सासूबाईंच्या गुडघ्यांचं बघतो मी, जेट्टीवर व्हीलचेअर सांगून ठेवतो," हे त्यानं आम्ही न विचारता सांगितलं. व्हिडिओ कॉलवर ऑफिस दाखवलं, जीएसटी नंबर दिला. दर फार कमी होता म्हणावं तर तसंही नाही. दोन नावाजलेल्या कंपन्यांचे दर आम्ही काढले होते, त्यापेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी कमी. "स्वस्तात मस्तच्या मोहात पडलात" असं नंतर आम्हाला बऱ्याच जणांनी ऐकवलं. तसं काही नव्हतं.

शिवाय त्याला अंदमान खरंच माहीत होतं. हॅवलॉकला (२०१८पासून त्याचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, पण बोलण्यात सगळे हॅवलॉकच म्हणतात) पोचल्यावर संध्याकाळी राधानगर, कारण तो किनारा पश्चिमेला आहे आणि सूर्यास्त तिथलाच बघायचा. काळापत्थर पूर्वेला, म्हणून तो पहाटे. एलिफंट बीचला बोटीनं जायचं, प्रवाळ बघायला, कारण तिथं ते किनाऱ्याच्या अगदी जवळ आहेत. नील बेटावर लक्ष्मणपूरचा दगडी पूल ओहोटीलाच धडपणे बघता येतो, म्हणून त्यानं त्या दिवसाची ओहोटीची वेळ काढून कार्यक्रमात घातली होती. इतकं बारकाईनं आखणारा माणूस पैसे घेऊन पळेल असं कुणाच्या मनात येणार? फसवणारा माणूस गबाळा असतो, चुकीचं इंग्रजी लिहितो, घाई करतो, हे आपण धरून चालतो. हा तसा नव्हता.

त्याच्या पानावर एकच गोष्ट धादांत खोटी होती, आणि ती आम्हाला हॅवलॉकला गेल्यावर कळली. समुद्रात पोहणाऱ्या हत्तीचा फोटो, वर मजकूर: "एलिफंट बीचवर हत्तीसोबत पोहा!" तो हत्ती म्हणजे राजन. लाकूडतोडीच्या कामासाठी अंदमानात आणलेला, नंतर पोहण्यामुळे जगभर गाजलेला. तो २०१६ मध्येच गेला. तिथल्या हॉटेलच्या मॅनेजरनं हे सांगितलं तेव्हा पुतणीचा चेहरा इतका उतरला की पैशांपेक्षा तिला तेच जास्त लागलं असावं.

आता पैशांचं. साठ टक्के रक्कम बुकिंगच्या वेळी आणि चाळीस टक्के पोर्ट ब्लेअरला उतरून दोन दिवस सेवा बघितल्यावर, असं त्यानंच सुचवलं. "आधी अनुभव घ्या, मग द्या." विमानाची तिकिटं आम्ही आमची काढली होती. या अटीमुळे दीर, जे स्वतः हिशेबनीस आहेत आणि भाजीवाल्याकडूनही पावती मागतील, तेसुद्धा निश्चिंत झाले. पैसे फर्मच्या नावानं न जाता एका व्यक्तीच्या नावानं जात होते. नवऱ्यानं विचारलं, तर उत्तर तयार होतं: चालू खात्याची मर्यादा संपली आहे, हे आमच्या भागीदाराचं खातं, पावती फर्मचीच मिळेल. पावती आलीही, शिक्क्यासकट.

पोर्ट ब्लेअरला (आता पाट्यांवर श्री विजयपुरम दिसतं) सगळं सुरळीत पार पडलं. वीर सावरकर विमानतळाबाहेर नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभा. हॉटेल ठरलेलंच. सेल्युलर जेलच्या सातपैकी उरलेल्या तीन इमारतींतून सासूबाई गुडघे विसरून फिरल्या, सावरकरांच्या कोठडीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. रात्री ध्वनी-प्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी रॉस बेट. त्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "ताई, कसं वाटलं? उद्या सकाळची फेरी आहे, हॅवलॉकचे हॉटेलवाले बॅलन्स मागतात." नवऱ्यानं यूपीआयनं उरलेली रक्कम पाठवली. आता कळतं की ते दोन दिवस त्यानं दुसऱ्या हप्त्यासाठी केलेली गुंतवणूक होते. पोर्ट ब्लेअरचं साधं हॉटेल आणि एक गाडी, एवढ्या खर्चात चाळीस टक्के पक्के.

सकाळी हॅडो जेट्टीवर सामान स्कॅन करायच्या आधीच काउंटरवरच्या मुलीनं पीएनआर टाकून बघितला आणि म्हणाली, हे कॅन्सल आहे. आम्ही मोबाइलवरचं तिकीट पुढे केलं. तिनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिकीट काढल्यानंतर आठवडाभरात रद्द, थोडे पैसे कापून बाकीचे ज्यानं काढलं त्याच्या खात्यात जमा. खासगी फेऱ्यांची तिकिटं ठरावीक मुदतीच्या आत रद्द करता येतात आणि पैसे भरणाऱ्याकडेच परत जातात. म्हणजे प्रवासी आम्ही, पण कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक तो.

त्याला फोन लावला. पहिल्यांदा "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे ताई, पाच मिनिटं द्या." मग "बोलतोय कंपनीशी." मग फोन बंद. आमच्या मागे रांगेत नागपूरचं एक जोडपं होतं, त्यांनी आमचं बोलणं ऐकून आपलं तिकीट घाईघाईनं तपासलं. त्यांचं ठीक होतं. आमच्या जिवाचं पाणी झालेलं असताना त्यांचा सुटलेला निःश्वास ऐकू आला, आणि खरं सांगते, त्या क्षणी त्यांचा राग आला.

सकाळची बोट गेली. सरकारी फेरी खूप स्वस्त असते, पण तिची तिकिटं आधीच संपलेली. दुपारच्या दुसऱ्या खासगी बोटीत सहा जागा मिळाल्या, त्याही वेगवेगळ्या रांगांत. सासूबाई एका अनोळखी तमिळ आजींच्या शेजारी बसल्या आणि दीड तास दोघी एकमेकींना न समजणाऱ्या भाषेत छान गप्पा मारत होत्या.

हॅवलॉकच्या हॉटेलात तीच कथा. "हॉटेलवर पैसे द्या, मोफत रद्द करा" अशा सोयीनं बुकिंग केलेलं, कन्फर्मेशनचा ईमेल आला की आम्हाला पाठवलेला, दुसऱ्याच दिवशी रद्द. इथं तर त्याला एक रुपयाही गुंतवावा लागला नव्हता. मॅनेजर बंगाली गृहस्थ. हॅवलॉकवरचे बहुतेक लोक पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांतले, तसेच हेही. त्यांनी आधी चहा दिला, मग म्हणाले की हंगामात असे प्रवासी येतातच, आणि बहुतेकदा मोठ्या कुटुंबासकट, कारण म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असली की लोक भांडत बसत नाहीत, खिशातून पैसे काढून पुढं जातात. आम्हीही तेच केलं. त्यांनी दोन खोल्या दिल्या आणि दर वाजवी लावला, हे आवर्जून सांगायला हवं. बेटावरच्या माणसांनी आम्हाला कुठंही नाडलं नाही.

त्या खोल्यांवरून आणखी एक. "सी-व्ह्यू" या शब्दाला हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर फारसा अर्थ नाही. विजयनगरच्या बाजूला भरतीला निळंशार पाणी दारात येतं, ओहोटीला ते दूरवर मागे सरतं आणि खडक, मेलेले प्रवाळ, चिखल उघडा पडतो. फोटो अर्थात भरतीचेच असतात. ही फसवणूक नाही, समुद्राचा स्वभाव आहे, पण त्याच फोटोंवर जास्त पैसे लावले जातात. राधानगरचं तसं नाही. रुंद, पांढरा, पसरट किनारा, मागे उंच झाडी. २००४ साली टाइम मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं आणि प्रत्येक एजंट अजून तेच वाक्य विकतो. तिथं बसायला पैसे पडत नाहीत. आम्ही बसलो. एलिफंट बीचची बोट पॅकेजमध्ये "समाविष्ट" होती, ती अर्थातच नव्हती, आणि समुद्र खवळला असेल तर ती मुळात सुटतच नाही. पुतणीचं स्कूबा झालं, आमच्या खिशातून.

तक्रारीचा भाग जरा नीट वाचा, कारण इथंच त्या माणसाची खरी हुशारी आहे. पहिला फोन १९३० वर केला, जेट्टीवरूनच. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आदल्या संध्याकाळी गेलेल्या रकमेचा व्यवहार क्रमांक दिला आणि त्यातली काही रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली. पहिल्या हप्त्यातलं काहीच सापडलं नाही, ते केव्हाच पुढच्या खात्यांत गेलं होतं. गोठवलेले पैसेही लगेच हातात येत नाहीत, अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला सूर असा, की त्यानं दोन दिवस सेवा दिली आहे ना, मग हा दिवाणी वाद, सेवेतली त्रुटी, ग्राहक न्यायालयात जा. म्हणजे ती दोन दिवसांची गाडी आणि हॉटेल फक्त दुसऱ्या हप्त्यासाठी नव्हतं, पोलिसांसाठीही होतं. मग दिरांनी बोटीच्या कंपनीकडून आणि हॉटेलांकडून रद्द केल्याच्या तारखा लेखी मागवल्या. रद्द आधी, आणि "हॉटेलवाले बॅलन्स मागतात" म्हणून पैसे मागितलेला त्याचा मेसेज नंतर. नसलेल्या बुकिंगसाठी पैसे मागितले, म्हणजे तेव्हापासूनच फसवण्याचा हेतू होता, हे त्या तारखांनी दाखवलं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार घेतली गेली. हे कागद ताबडतोब मागवा. बोटवाल्यांनी एका ईमेलवर पाठवले.

ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला किंवा पोर्ट ब्लेअरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला तर तो भलत्याच जिल्ह्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. तो तपासायला मिनिटभर लागतं.

एजंट नकोच, असं मी म्हणणार नाही. बेटांवर नेट अधूनमधून जातं, फेऱ्या हवामानानं बदलतात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन स्वतः सगळं जुळवणं अवघड आहे. पण फेरीची तिकिटं स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या कार्डानं काढा. रद्द झाली तर निरोपही तुम्हाला येईल आणि पैसेही. हॉटेल एजंटकडून घेतलं तर हॉटेलचा नंबर त्याच्याकडून घेऊ नका, स्वतः शोधा, आणि फोन दोनदा करा: एकदा व्हाउचर आल्यावर, दुसऱ्यांदा निघायच्या आदल्या आठवड्यात. विचारायचा प्रश्न "बुकिंग आहे का" एवढाच नको, "त्याचे पैसे जमा झालेत का, किती" हाही हवा. आमच्या हॅवलॉकच्या मॅनेजरांनी सांगितलं की पहिला प्रश्न सगळे विचारतात, दुसरा जवळजवळ कुणीच नाही. आणि शेवटचा हप्ता पोर्ट ब्लेअरला मुळीच देऊ नका. हॅवलॉक आणि नील दोन्ही झाल्यावर, परतीच्या बोटीतून उतरल्यावर द्या. खरा व्यावसायिक कुरकुर करेल, थोडी रक्कम आधी मागेल, पण मधला काहीतरी मार्ग काढेल. आमच्या माणसाला हे नंतर ओळखीतल्या एकानं मुद्दाम गिऱ्हाईक बनून सुचवलं होतं. त्यानं "बघतो" म्हणून तासाभरात नंबर ब्लॉक केला.