तीन मिलिमीटरची दुमड आणि पहिला अर्धा इंच: रोल हेम फूट नऊ महिने वापरल्यानंतर

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, मी धुतलेली शिफॉनची ओढणी दोरीवरून काढली, तेव्हा तिच्या एका टोकाची पिकोची कड सुटून दोरीसारखी माझ्या हातात आली. दुसऱ्या धुण्यालाच हे घडले. दुकानदाराने पिको करताना कापडाचे जेमतेम दोन-तीन धागे टाक्यात घेतले होते. शिफॉन विरळ विणीचे आणि धागे पिळदार, त्यामुळे ते धागे सरकले आणि टाक्यांची सगळी साखळी कापडाला सोडून मोकळी झाली. तक्रार घेऊन गेले, तर उत्तर मिळाले की कापडच हलके आहे. पन्नास रुपये देऊन हे ऐकून घेण्यापेक्षा आपल्या घरच्या काळ्या मशीनवर बारीक दुमड घालता येते का ते पाहावे, असे मी त्याच दिवशी ठरवले. पुढे लिहिले आहे ते त्या निश्चयाचे नऊ महिन्यांतले फलित आहे आणि ते सरळ रेषेत गेलेले नाही, हे आधीच सांगते.

रोल हेम फूट म्हणजे काय हे शिवणकाम करणाऱ्यांना सांगायला नको. फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा मशीनचा भाग, आणि हा फूट पुढच्या बाजूला गोगलगाईच्या शंखासारखी वळी असलेला असतो; त्या वळीत कापडाची कड सोडली की ती आपोआप दोनदा दुमडली जाते आणि सुई तिच्यावर टीप मारत जाते, निदान तसे अपेक्षित असते. मी प्रथम ऑनलाइन 3, 4 आणि 6 मिलिमीटरच्या तीन फुटांचा संच 349 रुपयांना मागवला. तो आला, बसला आणि पहिल्याच टिपेला सुई मोडली. दुसरी सुई लावून चाक हाताने हळूहळू फिरवून पाहिले, तेव्हा सुई फुटाच्या भोकात न उतरता त्याच्या उजव्या कडेवर आदळत असल्याचे दिसले. झिगझॅग मशीनवर सुई डावीकडे सरकवून वेळ मारून नेता आली असती; काळ्या, फक्त सरळ टीप मारणाऱ्या मशीनवर सुईची जागा ठरलेली असते, तेथे एक मिलिमीटरचा फरकही चालत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, चाक फिरवतानाचा व्हिडिओ पाठवला आणि तीन आठवडे निरोपांची देवाणघेवाण केली. शेवटी एकच वाक्य हाती आले: वापरलेली वस्तू परत घेता येत नाही. वस्तू वापरताच आली नाही, हीच तर माझी तक्रार होती.

त्यानंतर रविवार पेठेतल्या शिलाईच्या सामानाच्या दुकानात गेले. तेथील काकांनी पहिला प्रश्न विचारला, “मशीन काळी का पांढरी, ताई?” हा प्रश्न ऑनलाइन कोणी विचारत नाही आणि सगळा घोळ तेथेच होतो. फूट खाली सोडलेला असताना सुईपट्टीपासून, म्हणजे सुई जिच्या भोकातून खाली जाते त्या धातूच्या पट्टीपासून, फूट आवळण्याच्या स्क्रूपर्यंतचे अंतर साधारण पाऊण इंच असेल, तर आखूड दांड्याचा फूट लागतो; ते एक इंचाहून जास्त असेल, तर लांब दांड्याचा. दांड्याशिवाय झिगझॅगसाठीचा आणि सरळ टिपेसाठीचा हाही फरक असतो. काकांनी त्यांच्या दुकानातल्या तसल्याच जुन्या मशीनवर फूट बसवून, चाक फिरवून दाखवले आणि 120 रुपये घेतले. फूट 3 मिलिमीटरचा, एकच. तोच आजतागायत चालू आहे.

आता मुख्य दुखणे. या फुटाच्या चित्रफिती पाहिल्या, तर कापड वळीत शिरलेले असते आणि दुमड पाण्यासारखी वाहत असते. ते कापड वळीत शिरले कसे, हे मात्र कोणी नीट दाखवत नाही. पहिला अर्धा इंच हा या साधनाचा खरा दोष आहे. कड वळीत सारावी, तर शिफॉन आत जाण्याऐवजी गोळा होते. टाचणीने ढकलावे, तर टाचणीलाच चिकटून परत येते. आधी दोन-तीन टाके घालून फूट उचलावा आणि मग कड आत घ्यावी, ही पुस्तकी रीत केली, तर कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते त्या अर्ध्या इंचाला सुईपट्टीच्या भोकात खेचून गिळतात आणि कात्री घेऊन बसावे लागते. पहिल्या महिन्यात मी चार ओढण्या केल्या आणि चारींचे सुरुवातीचे कोपरे उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते. मधली एक मीटर दुमड इतकी देखणी, की दुकानातला पिको तिच्यापुढे जाडाभरडा वाटावा. पण माझी नजर कोपऱ्यावरच जायची. घरातले म्हणायचे की एवढे कोण पाहते. मी पाहते.

येथवरचा अनुभव मी मार्चअखेर लिहून ठेवला होता आणि तेव्हाचा माझा निष्कर्ष असा होता की नाजूक कापडाला हा फूट निरुपयोगी आहे, त्याने सुती रुमाल तेवढे शिवावेत. तो निष्कर्ष मी मागे घेते आहे, पण पूर्णपणे नाही.

मत बदलले ते साबुदाण्यामुळे. आमच्याकडे सुती साड्यांना खळ घालण्याची पद्धत आहे आणि खळ घातलेल्या साडीचा काठ कागदासारखा उभा राहतो, हे मी लहानपणापासून पाहत आले. तरी तेच शिफॉनच्या कडेला करावे, हे सुचायला मला अडीच महिने लागले. एक चमचा साबुदाणा दोन वाट्या पाण्यात तो पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, फडक्यातून गाळायचा आणि थंड झाल्यावर ती खळ कडेच्या फक्त दीड-दोन इंचांवर ब्रशने लावायची. ओढणी टांगून ठेवू नये, कारण ओल्या कडेच्या वजनाने कापड खेचले जाते. सपाट पसरून वाळवावे आणि मंद इस्त्री फिरवावी. त्यानंतर आडवा धागा ओढून त्या रेषेवर कड सरळ कापायची. कापणे हे खळीनंतरच करावे. आधी कापले, तर खळ लावताना दशा निघतात आणि त्या दशा वळीत अडकतात. अशा कडक कडेला फूट इतक्या निमूटपणे दुमडतो, की पहिल्यांदा मला मशीन थांबवून खात्री करून घ्यावी लागली. बाजारात यासाठी पाण्यात विरघळणारे पातळ पापुद्रे आणि फवाऱ्याचे स्टार्च मिळते. ते घेणाऱ्यांनी खुशाल घ्यावे; माझ्या डब्यात उपवासाचा साबुदाणा होता.

मात्र पाणी लावण्याआधी कापड ओळखावे. पॉलिस्टरच्या शिफॉनला काही होत नाही. व्हिस्कोसचे जॉर्जेट ओले झाले की आटते आणि फक्त कड ओली केली, तर तेवढीच आटून घेराला लाट येते. माझ्या एका ओढणीचे असे झाले आणि ती पूर्ण भिजवून, ताणून इस्त्री केल्यावर कशीबशी सुधारली. रेशमावर पाण्याचे डाग राहतात, म्हणून त्याच्या वाटेला मी खळ घेऊन गेले नाही. शिवून झाल्यावर खळ धुऊन टाकावी, कारण खळीच्या कपड्यांना कपाटात कसर लागते.

कोपऱ्याचे कारण पुढे एप्रिलमध्ये उमगले. ओढणी 44 इंची पन्ह्यातून कापलेली असते, म्हणजे तिच्या दोन्ही लांब बाजूंना विणीची मूळ किनार असते आणि दुमड फक्त आडव्या टोकांना घालावी लागते. ही किनार बाकीच्या कापडापेक्षा घट्ट असते. ती वळीत दोनदा दुमडायला गेले, की तिचे तीन थर होतात आणि सगळा प्रवाह तेथेच तुंबतो. मी इतके दिवस शिफॉनच्या नाजूकपणाला दोष देत होते आणि अडत होते ते त्याच्या सर्वांत जाड भागाशी. आता कोपऱ्यावर किनारीचा तांदळाएवढा तिरका तुकडा छाटते, हातसुईने कोपऱ्यात एक टाका घेऊन चार-पाच इंच दुहेरी दोऱ्याची शेपटी सोडते, ती शेपटी वळीतून ओढून मागे फुटाखाली धरते आणि दोरा ताणतच टीप सुरू करते. कड दोऱ्यामागून वळीत येते. दाते कापड गिळत नाहीत, कारण शेपटी त्याला मागे ओढत असते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सुई 11 नंबरची, नवी. 16 नंबरची रोजची सुई शिफॉनचे धागे ओढते आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना चुण्या पडतात. बॉबिन केस दोऱ्याने हवेत टांगून हलका झटका दिला, की ती थोडीशी खाली सरकली पाहिजे. जागची हलली नाही, तर ताण जास्त आहे. टाका फार बारीक ठेवू नये, अडीच मिलिमीटर पुरतो. आणि जुन्या काळ्या मशीनचा एक गुण मला या निमित्ताने कळला: तिच्या सुईपट्टीचे भोक लहान आणि गोल असते, त्यामुळे तलम कापड खाली खेचले जाण्याची भीती झिगझॅग मशीनच्या रुंद भोकापेक्षा कमीच. मशीन बदलण्याचा विचार मी तेव्हापासून सोडून दिला आहे.

पावसाळ्याने या सगळ्यात पुन्हा पाणी ओतले. जुलैत खळ वाळेना, वाळली तरी हवेतल्या ओलाव्याने तासाभरात कड मऊ पडायची. शिवण्याच्या क्षणी इस्त्री फिरवून लगेच मशीनवर घेतले तर जमते, पण त्यासाठी इस्त्री आणि मशीन एकाच वेळी चालू ठेवावी लागते आणि आमची मशीन पायाची असल्यामुळेच ते वीजबिलाला परवडले. याच महिन्यात माझ्याकडे उरेबात, म्हणजे धाग्याला तिरक्या दिशेने, कापलेल्या घेराचा जॉर्जेटचा कुर्ता आला. तेथे फूट साफ हरला. तिरक्या कडेला ताण पडला की ती लांबते, वळीतून निसटते, परत आत घ्यावी तर दुमड पिळली जाते. शिवाय प्रत्येक कळीच्या जोडाशी शिवणीचे जाड थर आले की फूट अडतो. तीन जोडांनंतर मी फूट काढून ठेवला.

तेथे कामी आली ती कोणतेही साधन न लागणारी दोन टिपांची रीत. कड पाव इंच उलट बाजूला दुमडून दुमडीच्या अगदी कडेला टीप मारायची, टिपेबाहेरचे जादा कापड लहान कात्रीने टिपेलगत कापून टाकायचे, मग तीच कड पुन्हा एकदा दुमडून पहिल्या टिपेवर दुसरी टीप मारायची. सुलट बाजूने एकच टीप दिसते, उलट बाजूला दोन. पहिली टीपच कडेला आधार देते, म्हणून उरेब कापडही ताणले जात नाही आणि खळीची गरज राहत नाही. फार सरकणारे कापड असेल, तर पहिल्या टिपेखाली पतंगाच्या पांढऱ्या कागदाची पट्टी घालते आणि नंतर फाडून काढते. रंगीत कागद घेऊ नये, रंग उतरतो. वेळ दुप्पट लागतो, कात्रीने टाका कापला जाण्याची धास्ती असते, पण कोपरा पहिल्या धाग्यापासून स्वच्छ येतो. फूट घेण्याआधी हे कोणी सांगितले असते, तर मी फूट घेतला असता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. लांब, सरळ, पॉलिस्टरच्या कडांसाठी घेतला असता. 349 रुपयांचा संच मात्र नक्कीच घेतला नसता.

कडेवर दोऱ्यांचा वेढा घालणाऱ्या ओव्हरलॉक मशीनबद्दल शेजारच्या वहिनींनी सुचवले. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकवर गुंडाळी दुमड खरोखर छान होते, कारण वरचा दोरा कडेभोवती पूर्ण वेढा घालतो. पण त्यासाठी टाका अरुंद करण्याची सोय मशीनमध्ये असावी लागते आणि मी दुकानात पाहिलेल्या छोट्या, स्वस्त मशीनमध्ये ती नव्हती. शिवाय वर्षाला तीसेक ओढण्यांसाठी हजारोंची मशीन घेणे माझ्या हिशेबात बसत नाही. हाताने कड गुंडाळून आत लपलेले टाके घालण्याची रीत सर्वांत सुंदर आहे आणि एका मीटरला मला सव्वा तास लागतो; ती मी एका रेशमी साडीच्या पदरापुरती राखून ठेवली.

पिकोवर अन्याय नको म्हणून एक कबुली: जड कशिद्याच्या पदराला आजही मी पिकोच करून आणते. दुमडलेली कड कितीही बारीक असली, तरी थोडी ताठ राहते आणि पदराच्या झोळाला ती जाणवते. फक्त आता दुकानात देताना कड किती आत घ्यायची हे मी उभी राहून दाखवते, आणि दुकानदाराला ते आवडत नाही.

नऊ महिन्यांत 23 ओढण्या आणि 8 साड्यांचे काम घरी झाले. ओढणीला 50 आणि साडीला फॉल सोडून 60 रुपये धरले, तर पिकोचे 1630 रुपये वाचले. खर्च झाला तो वाया गेलेल्या संचाचे 349, काकांच्या फुटाचे 120, सुयांच्या पाकिटांचे 60 आणि बारीक दोऱ्याच्या रिळांचे 90, म्हणजे 619. साबुदाणा मोजलेला नाही. ओढण्यांना प्रत्येकी दोन याप्रमाणे 46 सुरुवाती झाल्या. त्यांतल्या शेवटच्या 20 पैकी 17 पहिल्या टाक्यापासून नीट आल्या. राहिलेल्या तीन मी उसवून पुन्हा केल्या.